भोंग्यातली हाक

पुरिंगचा नट मुलगा टीव्हीवरच्या मालिकेत सावत्र बहिणीला ओलीस धरून बसला होता आणि अख्खी गल्ली पुरिंगच्याच घरात, तिने तळलेली केळी खात, त्याला शिव्याशाप देत होती. “मनाला लावून घेऊ नका, आलिंग पुरिंग, पण मेल्याला गोळीच घातली पाहिजे!” ‘आलिंग’ हा मावशीचा मान देऊनच शेजारीण नेना ओरडली. पडद्यावर पोलिसांनी अशा मालिकांतल्या प्रघाताप्रमाणे गुंडाच्या आईला बोलावून तिच्या हाती भोंगा दिला. आईचे काम करणाऱ्या नटीने एकदाच हाक मारली, तसा त्याने सुरा टाकला आणि तिच्या कुशीत हंबरडा फोडला. मनिलाला नट व्हायला गेल्यापासून मुलाने पुरिंगचा एकही फोन उचलला नव्हता. खोटे रडताना तो लहानपणापासून नाक चोळत असे. पुरिंग निरखत राहिली, पण त्याचा हात नाकाकडे गेला नाही. “अगदी खरं वाटतं हो!” नेना डोळे पुसत म्हणाली. “सगळं खोटं असतं गं,” पुरिंग म्हणाली.