सहा महिन्यांची ट्रीटमेंट

"ट्रान्सप्लांट आत्ता नको," यतीनची टाळू भिंगातून न्याहाळत डॉक्टर मेघना म्हणाल्या. "मुळं जिवंत आहेत. रोज दोनदा लोशन, एक गोळी, आणि महिन्यातून एकदा तुमचंच रक्त काढून त्यातला हवा तो भाग टाळूत टोचायचा. सहा महिने द्या."

"आणि नाहीच आले तर?"

"तर माझ्यासारखा दिसशील," शेजारी बसलेले अप्पा म्हणाले आणि स्वतःच्या गुळगुळीत डोक्यावर टपली मारून खो खो हसले.

यतीनला हसू आलं नाही. वय एकतीस, नकार सात. सातवीने टोपीशिवायचा फोटो मागवला आणि मग तिचा फोनच आला नाही. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. गिरगावच्या घरात बापलेक दोघंच. या घरात एकदा सनई वाजायलाच हवी, असं त्याला मनापासून वाटे.

पहिल्या महिन्यात केस आणखीच गळले. "सुरुवातीला असं होतं, घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या, पण यतीन रडकुंडीला आला. दादरचं ते क्लिनिक सोडून द्यावं असं त्याला तीनदा वाटलं. अप्पा ऐकेनात. तारखेच्या शनिवारी यतीनच्या आधी तेच इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे.

वेटिंगमध्ये राजलक्ष्मीबाई भेटायच्या. त्या धाकट्या सिद्धार्थला घेऊन येत; बिचाऱ्याचे चोविसाव्या वर्षीच केस विरळ झाले होते. बाई राहायला परळला, कॉलेजात लायब्ररियन, यजमान केव्हाच गेलेले. घरी थोरली मुलगी सुरुची, अजून लग्नाची. हे कळलं त्या दिवसापासून यतीन त्यांच्याशी फारच अदबीने बोलू लागला. त्याही बारीकसारीक चौकशी करत. जेवायला काय आवडतं, घरात कुणाचा आवाज चढतो का, सणवार कोण बघतं. सासूबाई पारखून घेतायत, यतीन मनात म्हणायचा आणि आणखी गोड हसायचा.

सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी ठेवला. टाळूवर चक्क केस होते. काळे, दाट आणि ओढले तरी हातात न येणारे.

"यतीनदादा, एक नंबर रे!" सिद्धार्थ ओरडला. यतीनने त्याला उचलायचंच बाकी ठेवलं.

जिना उतरताना अप्पा म्हणाले, "रविवारी राजलक्ष्मीबाईंनी पोहे खायला बोलावलंय. सुरुचीही असेल. जरा नीट कपडे घाल हं."

अप्पांचे कान लाल झाले होते. आपल्यापायी म्हाताऱ्याला केवढा संकोच, या विचाराने यतीनला भरून आलं.

रविवारी तो परळच्या त्या टॉवरमध्ये नवरदेवाच्या थाटात शिरला. लिफ्टच्या आरशात त्याने एकदा डावीकडून भांग पाडला, एकदा उजवीकडून. दोन्ही छान दिसले. आठव्या नकाराची भीती आज नावालाही नव्हती.

सुरुचीने पोह्यांच्या बशा आणून ठेवल्या. राजलक्ष्मीबाई नवी साडी नेसून बसल्या होत्या. मग सुरुची खुर्ची ओढून समोर बसली.

"एक गोष्ट आधीच स्पष्ट विचारते. नंतर गैरसमज नकोत."

यतीन सावरून बसला. काहीही विचारलं तरी होच म्हणायचं, हे त्याचं ठरलेलं होतं.

सुरुची अप्पांकडे वळली.

"काका, लग्नानंतरही आई रिटायर होईपर्यंत नोकरी करणार. चालेल ना तुम्हाला?"