कोकमाची बिअर

मंजिरीच्या पत्राला अप्पांनी दोन महिने उत्तर लिहिलं नव्हतं. लेक पुण्यात बिअर बनवायची. "अप्पा, यंदा आपल्याकडच्या कोकमाची केलीय. चाखायला याल?" असं तिनं विचारलं होतं.

अप्पांनी मात्र ग्रंथालयातून बिअरवरची पुस्तकं आणली. जर्मनांची गव्हाची, बेल्जियमची आंबट, इंग्रजांची कडवट. जिथलं पाणी तिथली चव. आज उत्तराचा सातवा खर्डाही त्यांनी फाडला. "अजून वाचन अपुरं आहे गं माझं."

"अहो, तिनं प्रबंध मागितलाय का?" बायको करवादली. "कोकमं आपल्याच परसातली नेलीत तिनं. आता तिला वाटतंय, बापाला आपली लाज वाटते."

अप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी कार्डावर फक्त 'शनिवारी येतो' लिहिलं आणि पुन्हा शंका यायच्या आत ते टपालपेटीत टाकून आले.