गुणाची पोर

सासूनं पत्र्यावर हातोडा हाणला. पाळण्यातली पोर दचकली.

"बघ! म्हणे ऐकू येत नाही!"

"पाळण्याचा पाय पत्र्याला टेकलाय, आई. हादरा बसला तिला." सुनेनं पोरीला उचलून कडेवर घेतलं. "आता हाणा. हवा तेवढा जोर लावा."

सासूनं हाणला. खिडकीची काच थरथरली. पोर आईच्या गुंडीशी खेळत राहिली.

घर वर, खाली बादल्यांचा कारखाना. दिवसभर ठणठणाट. त्यात ही पोर ढाराढूर झोपायची आणि अख्खं घर कौतुक करायचं. गुणाची पोर! धंद्याला जन्मापासून सरावलेली! कौतुकासारखं आंधळं दुसरं काही नसतं.

पोर पोटात असताना तिसऱ्या महिन्यात सुनेला बारीक ताप आला होता, अंगभर पुरळ उठलं होतं. घरानं 'उष्णता' म्हणून निकाल लावून टाकला. उष्णता! आपल्या अज्ञानाला हे एक बरं नाव सापडलंय. डॉक्टरीणबाईंनी मात्र सांगितलं, तो रुबेला असणार, पोटातल्या बाळाचे कान खाऊन जातो. आज कानांची तपासणी होती. सून चपला घालून दारात उभी होती.

दारातच ठोंब्याही उभा होता, आपला हातोडा परत मागायला हात पसरून. ठोंब्या म्हणजे थोरला दीर. चाळिशी आली तरी तोंडातून शब्द नाही, हाक मारली तरी ढिम्म. बादलीचं बूड मात्र असं बसवायचा की थेंब गळायचा नाही.

"अगं, एकदा बहिरी म्हणून शिक्का बसला की वाटोळं होईल पोरीचं!"

"वाटोळं शिक्क्यानं नाही होत, उशिरानं होतं. डोकं शाबूत आहे तिचं. आत्ता यंत्र लावलं तर बोलायला शिकेल. नाही लावलं तर सगळे मठ्ठ म्हणतील आणि तीही जन्मभर मठ्ठ म्हणूनच राबेल. मी चालले. अडवून दाखवा."

सासूनं अडवलं नाही. ती ठोंब्याच्या पसरलेल्या हाताकडे बघत राहिली. मग हातोडा खाली ठेवून तिनं तो हात धरला आणि सुनेकडे सरकवला.

"यालाही ने. याच्या वेळी मलाही उठलं होतं तसलंच पुरळ."