कौलारू शाळा

वडिवळ्याच्या शाळेचं गवती छप्पर वाऱ्यानं उडालं, तेव्हा कौलांसाठी त्र्यंबक मास्तरांनी घरोघर मूठमूठ तांदूळ मागायचं ठरवलं. दोन वर्षं रोज सकाळी पोरांची रांग घेऊन ते गावोगाव फिरले. आज ही वाडी, उद्या ती वाडी. परत येईपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असायचं आणि पाट्या कोऱ्याच राहायच्या. "एकदा छप्पर होऊ दे रे, मग शिकूच आपण," म्हणत दमलेले मास्तर भिंतीला पाठ टेकायचे.

तांदूळ विकून एकदाची कौलं चढली. तपासणीला पुण्याहून साहेब आले, छपराकडे पाहून खूश झाले.

"वा, मास्तर! आता मुलांनो, दोन वर्षांत शिकलेलं काहीतरी सगळ्यांनी मिळून म्हणून दाखवा पाहू."

काय शिकवलं होतं, ते मास्तरांनाच आठवेना.

पोरं मात्र झटकन उभी राहिली, डोक्यावरच्या टोप्या काढून साहेबांपुढं उलट्या धरल्या आणि एका सुरात म्हणाली,

"येक मूठ तांदूळ वाढा वं माय, आमच्या साळंला छप्पर न्हाई!"