हातांची साक्ष

"हात पुढे करा," देवरे वकील म्हणाले.

कारभारीने दोन्ही हात पुढे केले. वकिलांनी चहाने काठोकाठ भरलेला स्वतःचा कप बशीसकट त्याच्या उजव्या तळव्यावर ठेवला. कप हलला नाही. बशीत थेंब सांडला नाही.

"बघा! असे हात असलेल्या माणसाला म्हणे प्यालेला!" वकील खूश झाले. कप उचलून त्यांनी चहा पिऊन टाकला. "डॉक्टरने रक्त तपासायला घेतलंच नाही. नुसतं लिहिलंय, तोंडाला वास, पण चाल सरळ, बोलणं स्पष्ट, हात स्थिर. वासाचं काय, खोकल्याच्या औषधाचाही येतो. तुम्ही कोर्टात फक्त हे हात दाखवायचे. बाकी माझ्यावर सोडा."

कारभारीने मान हलवली आणि तोंडातली बडीशेप दुसऱ्या गालात सरकवली.

तो सातपूरच्या एका कारखान्यातल्या कामगारांची बस चालवायचा. दारू पिऊन गाडी चालवली म्हणून द्वारका चौकात त्याला रिकाम्या बससकट पकडलं, ती तिसरी खेप. पहिल्यांदा दंड भरून सुटला. दुसऱ्यांदा पंच साक्षीत उलटला म्हणून सुटला. या वेळी लायसन जाणार, कदाचित आतही जावं लागणार, असं जो तो सांगत होता. लायसन गेलं की बस गेली, आणि बसशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. दोन वकिलांनी कागद चाळून परत केले, तेव्हा कुठे तो देवऱ्यांकडे पोचला होता. एवढं होऊनही कारभारीला भीती अशी वाटत नव्हती. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, तसं त्याच्या आत काहीतरी बधिर झालं होतं.

तारखेच्या दिवशी सकाळी त्याची बायको सरिता म्हणाली, "अहो, आज वाटंत कुठं थांबू नका. आजच्या दिवस." तिने शपथ घातली नाही, की डोळ्यांत पाणी आणलं नाही. एवढं बोलून ती डबा भरायला लागली. त्याला नाही म्हणायचाही कंटाळा आला.

"बरं," तो म्हणाला.

सीबीएसच्या बसस्टँडवर उतरून दोघं चालत कोर्टात आली. चौकात त्याला पकडणारा हवालदारच व्हरांड्यात समोर आला.

"या कारभारी! तुमच्यासाठी इथं एक कायमचं बाकडं टाकायला सांगतो आता. वर नावपण रंगवून घेऊ."

कारभारी हसायचं म्हणून हसला. शर्ट पाठीला चिकटला होता. हात त्याने खिशात घालून ठेवले होते.

पकडल्यावर त्याला तपासणारा तरुण डॉक्टर साक्षीला उभा होता. देवरे वकिलांनी त्याला हळूहळू कोंडीत पकडलं.

"हात स्थिर, हे तुम्हीच लिहिलंत ना?"

"हो."

"दारूच्या अमलाखाली असलेल्या माणसाचे हात स्थिर राहतात?"

"सहसा नाही."

वकील न्यायाधीश मॅडमकडे वळले. "एकच मिनिट परवानगी असावी. कारभारी, हात पुढे करा."

खिशातून हात बाहेर आले. न्यूट्रलला उभ्या असलेल्या जुन्या बसचा गिअरचा दांडा थरथरतो, तसे ते थरथरत होते. कोर्टात कुजबुज झाली.

"आजही घेऊन आलात?" मॅडमनी विचारलं.

हवालदार पुढे झाला. त्याने कारभारीच्या तोंडाजवळ नाक नेलं, पुन्हा एकदा नेलं. "नाही मॅडम," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. "वास नाही."

डॉक्टरने त्या हातांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"अशिलाला ताप आहे, मॅडम," वकील घाईने म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीनंतर पुढे चालवावं, ही विनंती."

बाहेर कडुनिंबाखाली वकिलांनी त्याला गाठलं. "काय झालं काय तुम्हाला?"

"आज घेतली नाय, साहेब."

"म्हणजे?"

"रोज सकाळी घेतो. त्याबिगर गिअर धरता येत नाय. तुमच्याकडं यायचो तवाबी घेऊनच यायचो."

वकिलांनी आजूबाजूला पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मग जा, थोडी घेऊन या. हात स्थिर होण्यापुरती. वर बडीशेप खा. आता काही कुणी वास घेत नाही. एकदा हात दाखवा, सुटलात."

ते निघून गेले. बाकावर बसलेल्या सरिताने सगळं ऐकलं होतं. कारभारीने तिच्याकडे पाहिलं.

"जायाचं तर जा," ती म्हणाली. "मी हितंच हाय."

तिने डबा उघडला. तो थोडा वेळ फाटकाकडे बघत उभा राहिला, मग तिच्या शेजारी बसला. भाकरीचा तुकडा मोडला, पण घास तोंडापर्यंत जाईना. भाजी मांडीवर सांडली. सरिताने त्याचं मनगट धरलं आणि घास तोंडाशी नेला. तिचा हात गरम होता. कितीतरी दिवसांनी त्याला काहीतरी जाणवलं.

सुट्टी संपल्यावर दाराशी वकिलांनी हळूच विचारलं, "झालं?"

"झालं," कारभारी म्हणाला.

वकिलांचा चेहरा खुलला. आत जाताच त्यांनी आवाज चढवला. "कारभारी, हात पुढे करा!"

हात पुढे आले. सकाळपेक्षा जास्त थरथरत होते. वकिलांनी डोळे मिटून घेतले.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला काही सांगायचंय?"

"माझे हात हे हायेत, मॅडम," कारभारी म्हणाला. "डॉक्टरांनी पाहिले ते दारूचे होते."