कमांडरसाहेब उभे राहतात

"टोपी घालू का?" आरशासमोर कमांडर नंदकिशोर सरपोतदारांनी विचारलं.

"घाला. लोक पार्सलवाला समजून सही तरी देतील," जयमालाबाई म्हणाल्या.

टोपी घरीच राहिली, लाडवांचे डबे निघाले. जपानमध्ये, उरायासुतल्या मुलाच्या सोसायटीत अध्यक्षपदाची निवडणूक होती आणि नौदलातून निवृत्त झालेले कमांडर उभे होते. पुण्याच्या सोसायटीत ते दोनदा आपटले होते. दुसऱ्या खेपेला तर घरचंच मत फुटल्याचा त्यांना दाट संशय होता. आता मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, निवडून यायचं होतं.

सगळा भरवसा कॅप्टन थॉर्नडाइकवर. व्हिक्टोरिया राणीच्या आरमारातला हा गडी; कमांडर त्याचं मराठीत चरित्र लिहीत होते. भर बंदरात स्वतःचं जहाज गाळात रुतवलं म्हणून त्याला घरी बसवला, तर पठ्ठ्या थेट पार्लमेंटात जाऊन बसला! भाषण नाही, जाहीरनामा नाही. दारोदार जायचं, भेट द्यायची, कमरेत वाकायचं आणि एक गोड वाक्य बोलायचं.

वाक्य सुनेने शिकवलं होतं. "ओसेवा नी नारिमास. म्हणजे तुमच्या आधारावर चाललंय, बाबा," केतकी म्हणाली होती.

कमांडरांना ते 'मास' जरा तुटक वाटलं. टीव्हीवर लोक 'माशिता' म्हणताना ऐकलं होतं. शब्द लांबला की अदब वाढते, एवढं तर कुठल्याही भाषेत कळतं. त्यांनी 'माशिता' घेतलं.

"ओसेवा नी नारिमाशिता!" डबा पुढे, कंबर खाली.

परिणाम बघण्यासारखा होता. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवसापासून घरी टॉवेल, बिस्किटं, चहाचे डबे येऊ लागले. प्रतिस्पर्धी मोरीसान तर खुद्द कलिंगड घेऊन आले आणि वाकले ते वाकलेच.

"विरोधक शरण आला," कमांडर दार लावत म्हणाले.

"अहो, पण मत देतो असं कोणी म्हणालं का?"

"थॉर्नडाइकलाही कोणी म्हणालं नव्हतं."

रविवारी सभा भरली. मोरीसान उठले आणि कमांडरांकडे बघत कापऱ्या आवाजात बरंच काही बोलले. समजलं काहीच नाही, पण टाळ्यांचा कडकडाट झाला. आजींनी पुढे येऊन भला मोठा पुष्पगुच्छ कमांडरांच्या हाती दिला. त्यांनी तो छातीशी धरून कडक सलाम ठोकला. जयमालाबाईंनीसुद्धा कित्येक वर्षांनी नवऱ्याकडे कौतुकाने पाहिलं.

तेवढ्यात ऑफिसातून धावतपळत केतकी पोचली. मोरीसान तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलले.

"केतकी, सांग त्यांना," कमांडर छाती काढून म्हणाले, "सूत्रं हाती घेतल्याबरोबर पहिला कचऱ्याचा प्रश्न सोडवतो!"

केतकीने कपाळावर हात मारला.

"बाबा, 'माशिता' म्हणजे 'आजवर सांभाळलंत, आता निघतो'! ते विचारतायत, आपल्या सामानाचा ट्रक कधी येणार? चढवायला अख्खी बिल्डिंग येणार आहे."