एमिल अजून उभा आहे

फ्लॉइडने चिठ्ठी पुढे सरकवली आणि तोंड फिरवलं.

'चेंडू डोक्यात. एमिल पडला. हालचाल नाही.'

हार्लनसमोर रेडिओचा माइक होता आणि माइकपलीकडे अख्खं गाव. गप्प बसायची सोय नव्हती. बेसबॉलचा सामना तीनशे मैलांवर, शिकागोत चालला होता. ते मैदान हार्लनने जन्मात पाहिलं नव्हतं. तारयंत्र कडकडायचं, फ्लॉइड चिठ्ठी लिहायचा, आणि बियाणांच्या दुकानावरच्या या खोलीत बसून हार्लन डोळ्यांदेखत चालल्यासारखा सामना रंगवायचा. गर्दीचा गलका तबकडीवरचा. बॅटचा आवाज म्हणजे लाकडी ठोकळ्यावर मारलेली पेन्सिल. गावाला हे सगळं ठाऊक होतं, तरी गाव जीव कानात आणून ऐकायचं. आज तर विचारूच नका. कुबिचेकांचा एमिल, मोठ्या लीगमध्ये गेलेला गावातला पहिला पोरगा, आज पहिल्यांदाच बॅट घेऊन उभा राहिला होता.

आणि दोन गल्ल्या पलीकडे त्याची आई रेडिओजवळ बसली असणार. एकटी. एमिलशिवाय होतं कोण तिला?

आता काय बोलायचं, सांगा! हार्लनचा हात आपोआप उठला. टक्.

"फाउल!"

फाउल म्हणजे चेंडू रेषेबाहेर. धाव नाही, बाद नाही, फलंदाज जिथल्या तिथे उभा. पुन्हा चेंडू, पुन्हा फाउल, असं कितीही वेळ चालू शकतं.

दुसरी चिठ्ठी आली. 'उचलून नेलं.'

टक्. "हाही फाउल! काय झुंजतोय पोरगा!"

हार्लनने माइकवर तळहात दाबला. "शुद्धीवर आला असेल रे. विचार ना त्यांना!"

"कसं विचारू?" फ्लॉइड कुजबुजला. "ही तार नुसती सांगते, बाबा. ऐकत नाही."

मग हार्लनने बॅट मोडली. नवी आणवली. मैदानात एक कुत्रं घुसवलं, त्याला चार जणांकडून हाकलवलं. वाऱ्याने धूळ उडवली. आणि मधूनमधून, टक्, फाउल. खाली रस्त्यावर हशा पिकला. न्हावीदादा डेल्बर्ट खिडकीखालून ओरडला, "अरे हार्लन, एमिलला म्हणावं, पुरे झाली चेष्टा! माझं गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन बसलंय इथे!"

हार्लनच्या डोळ्यांना धारा लागल्या. आवाज तेवढा त्याने कोरडा ठेवला.

तिसऱ्या चिठ्ठीवर एकच शब्द होता. 'गेला.'

फ्लॉइडने डोकं टेबलावर टेकलं. आता सांगायलाच हवं होतं. हार्लनने तीनदा श्वास घेतला, तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा फाउलच बाहेर पडला. आपण पाप करतोय हे त्याला कळत होतं. पण लहानपणी जिच्या ओट्यावर बसून गोड सारणाचे गरम कोलाचे खाल्ले, तिला हे असं, रेडिओतून, कसं सांगायचं?

दार उघडलं. कुबिचेकमावशी आत आली. हात कोपरापर्यंत पिठाचे. मुठीत स्टेशनवरची तार होती, फोडलेली.

हार्लनची पेन्सिल गळून पडली. बोलणं माइकमध्ये जाऊ नये म्हणून फ्लॉइडने घाईघाईने गर्दीच्या तबकडीचा आवाज मोठा केला.

"मावशी, मी... मला जमलंच नाही..."

"दारातच वाचली मी," ती म्हणाली. "आणि आत तुझा रेडिओ ओरडत होता, एमिल अजून उभा आहे म्हणून. मी तिथेच खिळून राहिले. किती वेळ, ठाऊक नाही."

"चुकलो, मावशी. आता थांबवतो."

"थांबवू नकोस!" तिने त्याचा हात घट्ट धरला. सगळं पीठ त्याच्या बाहीला लागलं. "तू थांबलास की तो गेला, पोरा. थोडा वेळ उभा राहू दे त्याला."

मावशी खाली वाकली, पेन्सिल उचलली आणि तिनेच ठोकळ्यावर मारली. टक्.